चाळीस मैलांच्या पुढे

अमरावती, ता. २० नोव्हेंबर १९३८

चि. कमलाकांत यास,

हे पत्र मोटारीबद्दल आहे. यात दुसरं काही शोधू नकोस, सापडणार नाही.

गाडी मिस मारते आहे. हळू चालवली तर काही तक्रार नाही. कॅम्पातून कोर्टापर्यंत लोण्यासारखी जाते. पण बडनेऱ्याच्या मोकळ्या सडकेवर काटा चाळीस मैलांच्या पुढे गेला, की फट्. मग दोन-तीन ठोके नीट, परत फट् फट्, आणि कोणी मागून धोतर ओढावं तशी झटके खात राहते. पाय उचलला की पुन्हा शहाणी. दसऱ्यानंतर हे सुरू झालं.

इथल्या मिस्त्रीला दोनदा दाखवली. तो उभ्या गाडीचं इंजिन ऐकतो आणि मान हलवतो. उभी असताना ती मिस मारत नाही, पळताना मारते, हे मी त्याला समजावून सांगितलं. तर म्हणाला, "वकीलसाहेब, येवढ्या जोरानं जाता कायले? हळू हाना ना!" चाळीस वर्षांच्या वकिलीत असा बिनतोड युक्तिवाद मी ऐकला नव्हता.

गाडी जुनी आहे, मान्य. बारा वर्षं म्हणजे मोटारीला म्हातारपणच. तू अकोल्याला गेल्यापासून तिच्या इंजिनाला घरातल्या कोणी हात लावलेला नाही. मी धुतो, पुसतो. दसऱ्याची पूजासुद्धा या खेपेला मीच केली, आणि यथासांग केली. तू करायचास तशी बॉनेटवर कुंकवाची दोन बोटं ओढून मोकळा झालो नाही.

या गाडीचे नखरे तुला माहीत आहेत. शिवाय तिथल्या शाळेत तू पोरांना पदार्थविज्ञान शिकवतोस म्हणे. जमलं तर उपाय लिहून पाठव. कार्ड पुरे, लिफाफा नको. तुझा जठारपेठेतला पत्ता तुझ्या आईच्या डब्यात निघाला. तो तिथे कसा आला हे मी विचारलं नाही.

तिची प्रकृती ठीक आहे.

गोपाळकृष्ण


अमरावती, ता. ४ डिसेंबर १९३८

चि. कमलाकांत यास,

तुझं कार्ड पोचलं. दीड वर्षाने आलेलं अक्षर पहिल्यापेक्षा वाईट झालं आहे. पोरांच्या वह्या तपासून मास्तरांचं अक्षर बिघडतं, तसंच असावं.

सांगितल्याप्रमाणे चारही प्लग काढले, काजळी खरवडली. प्लगच्या टोकाची फट मोजायला 'हेच कार्ड दुमडून तीन पदर करा आणि घालून पाहा' असं तू लिहिलंस. कल्पना चांगली आहे. पण मी तुझं कार्ड न घेता किराणा दुकानातून आलेलं एक जुनं कार्ड घेतलं. प्लगच्या तेलाने ते खराब झालं असतं, आणि त्यावरच्या सूचना मला पुन्हा बघायच्या होत्या.

ओझं असलं की दोष लवकर दिसतो, मागे कोणाला तरी बसवा, असं तू लिहिलंस. म्हणून तुझ्या आईला बसवलं. तिचं वजन ते किती, म्हणून शेजारी सरकीची दोन पोती ठेवली. ती म्हणाली, "अहो, मला पोत्यांबरोबर मोजता होय?" तरी बसली. हल्ली ती मोटारीत बसायला नाही म्हणत नाही.

बडनेऱ्याच्या पुढे लोणीपर्यंत गेलो. सरकी काढणाऱ्या जिनांत जाणाऱ्या कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली होती. नेमकी तिच्याजवळ आपली मोटार धडाधड मिस मारायला लागली आणि एका गाडीचे बैल शेतात शिरले. गाडीवाला उभा राहून ओरडला, "ओ साहेब, बार कायले उडवून राहिले? लगीन हाय का कोणाचं? बैल बुजले ना माहे!" मी उतरून माफी मागितली. तुझी आई मागे पदर तोंडाशी धरून हसत होती. अशी ती बऱ्याच दिवसांत हसली नव्हती.

थोडक्यात, दोष प्लगचा नाही. पुढे काय बघायचं ते कळव.

गोपाळकृष्ण


अमरावती, ता. २६ डिसेंबर १९३८

चि. कमलाकांत यास,

पेट्रोलच्या जाळीबद्दल तू लिहिलंस ते बरोबर निघालं. म्हणजे अर्धं बरोबर. जाळीवर कापसाची तूस दाट बसली होती. आपल्याकडे या दिवसांत हवेतच कापूस असतो, नाकात जातो तसा टाकीत गेला. वेगात इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं आणि ते पोचलं नाही तर ठोका चुकतो, हे तुझं म्हणणं मला नीट समजलं. तू इतकं सोपं करून सांगतोस हे मला ठाऊक नव्हतं. जाळी धुतली. मूर्तिजापुरापर्यंत गेलो. बेचाळीसवर पुन्हा फट्.

मूर्तिजापूर म्हणजे अकोल्याचा अर्धा रस्ता सरतो. तुझ्या आईने हे मला दोनदा सांगितलं. मला नकाशा येतो, असं मी तिला म्हटलं.

कार्डाच्या कडेला तू जी उभी ओळ लिहिली आहेस ती वाचली. 'आईला सांगा, शालूला पाचवा महिना आहे.' कार्ड सकाळी आलं होतं, मी आईला संध्याकाळी सांगितलं. ती देवाजवळ दिवा लावून आली, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "सातवा माघात लागतो. मी ओटी भरायला जाणार. आणि तिला बरं वाटत नसेल तर राहणार तिथे, बाळंतपण होईपर्यंत."

मी म्हटलं, सध्या पौष आहे. या महिन्यात शुभकार्याचं बोलणंही नको. आमच्या धंद्यात याला मुदत वाढवून घेणं म्हणतात, आणि हे तुझ्या आईलाही कळतं. ती म्हणाली, "त्या दिवशी पोराला बोललात ते आधी मागे घ्या. मग मी पौष पाळते आणि म्हणाल ते पाळते."

वरूडच्या माळ्याची मुलगी सून म्हणून या घराच्या माजघरात आली तर मी ओसरीवर पान मांडून घेईन, असं मी त्या दिवशी म्हणालो होतो. तू तेव्हा चप्पल घालत होतास. मी बोललेलं मागे घेत नाही, हे तुम्हा दोघांनाही माहीत आहे. पुढचा उपाय लिही.

गोपाळकृष्ण


अमरावती, ता. १२ जानेवारी १९३९

चि. कमलाकांत यास,

लिफाफा पोचला. डिस्ट्रिब्यूटरचं चित्र फार नीट काढलं आहेस. झाकण काढल्यावर आत ती छोटी दांडी दिसते, ती बोटाने ढकलून सोडली की पटकन परत आली पाहिजे. सुस्तावली असेल तर सावकाश चालताना तिला वेळ मिळतो, पण वेगात ती वेळेवर मिटत नाही आणि ठिणगी हुकते. बरोबर? मी हे तुझ्या आईला चित्र दाखवून समजावलं. ती म्हणाली, "किती वर्षांनी त्याच्याकडून काही शिकताय."

झाकण उघडलं. आत विशेष काही नाही. जरा लालसर धूळ होती, ती पुसली. दांडी ठीक वाटली.

गाडी अजून मिस मारते. चाळीसऐवजी आता पंचेचाळीसला मारते असं वाटतं. कधी पस्तीसलाही. नक्की सांगता येत नाही. तेव्हा याच्या पुढचं जे असेल ते लिही, घाई नाही, सविस्तर लिही. चित्र काढलंस तर बरं पडतं.

आईने तिळगूळ वेगळा पाठवला आहे. दोन पुड्या आहेत, नावं तिनेच घातली आहेत.

गोपाळकृष्ण


अमरावती, ता. ३० जानेवारी १९३९

चि. कमलाकांत यास,

'आता उरल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, त्या पत्राने बघता येणार नाहीत. गाडी इकडे आणा, मी स्वतः उघडून बघतो', असं तू लिहिलंस. तुझ्या आईने ते कार्ड माझ्या हातून घेतलं आणि परत दिलं नाही.

पौष संपला, तेव्हा काल रविवारी निघालो. तिने पहाटेच सगळं बांधून ठेवलं होतं. खण, नारळ, गहू, हळकुंडं, हिरव्या बांगड्या, आणि माझ्या आईचं एक जुनं चांदीचं काजळपात्र, ते तिने कपाटातून कधी काढलं मला कळलं नाही. सगळं मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, मागे जागा आहे, खाली ठेव. तर नको म्हणाली.

बोरगाव मंजूपर्यंत आलो. तिथून अकोला दहा मैल. पण तिथे गाडीने फारच त्रास द्यायला सुरुवात केली. झटके काय, आवाज काय. बिघडलेली गाडी पुढे दामटणं बरं नव्हे, तिथे रस्त्यातच बंद पडली असती तर बाईमाणसाला घेऊन मी काय करणार होतो? म्हणून वळवली. तुझ्या आईला अलीकडे ऐकू कमी येतं की काय कोण जाणे. म्हणते, "मला तर आज एकदाही आवाज आला नाही."

अमरावतीपर्यंत तिने गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. घरी आल्यावर नारळ तेवढा देवापुढे ठेवला, बाकी गाठोडं तसंच आहे.

गाडी तिथे आणायची म्हणजे आधी ती आणण्याजोगी झाली पाहिजे, ही अडचण तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. स्प्रिंगांबद्दल जे लिहून कळवता येईल ते कळव.

गोपाळकृष्ण


अमरावती, ता. ५ फेब्रुवारी १९३९

चि. कमलाकांत यास,

तुझं उत्तर नाही. शाळेच्या परीक्षा जवळ आल्या असतील.

दरम्यान मी स्प्रिंगांचा विचार करतो आहे. जुनी स्प्रिंग ढिली पडते, वेगात व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही, म्हणून ठोका चुकतो. असंच ना? बघ, आता मीही तुझ्या वर्गात बसायच्या लायक झालो. काल पुन्हा बडनेऱ्यापर्यंत गेलो होतो. अडतीसलाच मारायला लागली. म्हणजे रोग वाढतो आहे.

माझा असा विचार आहे की मार्चमध्ये कोर्टाचं काम जरा हलकं होईल. तेव्हा मुंबईहून नव्या स्प्रिंगा मागवून, बसवून घेऊन, मग सावकाश येता येईल. तुझ्या आईला म्हटलं, आठव्यातही ओटी भरतातच की. ती म्हणाली, "तुम्ही भरा मग." तिला आजकाल थट्टा फार सुचते.

तर स्प्रिंगेचं माप कसं घ्यायचं ते चित्रासह लिही.

गोपाळकृष्ण


अमरावती, ता. ७ फेब्रुवारी १९३९

कमलाकांत,

तुझं कार्ड आत्ता आलं. मुलगी झाली आणि संध्याकाळपर्यंत गेली.

आम्ही निघतो आहोत. ही चिठ्ठी टपालात टाकण्यात अर्थ नाही, तिच्या आधी आम्हीच पोचू. तरी लिहितो आहे, कारण तुझी आई आत गाठोडं सोडून त्यातलं काही काढते आहे, काही तसंच ठेवते आहे, आणि मला तिथे उभं राहवत नाही. दाराशी गाडी चालू करून ठेवली आहे. आवाज इथपर्यंत येतो आहे.


अमरावती, ता. १९ फेब्रुवारी १९३९

चि. सौ. शालू हिस अनेक आशीर्वाद,

तुझ्या नावाने हे माझं पहिलं पत्र. कमलाकांताला आतापर्यंत लिहिलेल्या सगळ्या पत्रांत मी तुझं नाव लिहायचं टाळलं आहे. एकदा लिहिलं तेसुद्धा त्याच्या ओळीतलं उतरवून. तो हे वाचून दाखवतो म्हणाला तर देऊ नकोस. तुझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे असं तुझ्या सासूने सांगितलं, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढलं आहे.

तुझी सासू तिथे राहिली ते फार चांगलं झालं. ती तुला शेक देईल, डिंकाचे लाडू करील, आणि तू नको म्हणालीस तरी रागावून खायला घालील. तिचं ऐक. इथे माझी सोय नीट आहे.

आम्ही आलो त्या दिवशी तू खाटेवरून उठून डोक्यावर पदर घ्यायला लागलीस. मी नको नको म्हटलं आणि भिंतीकडे बघत उभा राहिलो. मग शेजारच्या जोशांच्या मुलीने मला पितळी तांब्यात पाणी आणून दिलं. मला वाटलं तीच घरात मदतीला असेल. नंतर कळलं की आम्ही येणार हे ओळखून तू सकाळीच कमलाकांताला सांगून ठेवलं होतंस, "मामंजी आपल्या घरचं पाणी पेनार नाहीत. जोशीकाकूच्या इथून मांगून ठेवा. उनातून येतील ते." आदल्या संध्याकाळी तुझी मुलगी गेली होती, पोरी. आणि तू माझ्या पाण्याचा विचार करत होतीस. हे कळलं तेव्हा ते पाणी मी पिऊन बसलो होतो. तरी तेव्हाच उठून तुमच्या माठातलं मागायला हवं होतं. मागितलं नाही. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

नंतर तू बोलायला काही तरी हवं म्हणून, किंवा मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, विचारलंस, "मामंजी, गाडी बरी चालून राहिली का आता?"

मी म्हटलं, हो.

"कवापासून?"

कमलाकांत खाली बघत होता. कोनाड्यात माझं पाच तारखेचं पत्र फोडून ठेवलेलं होतं, स्प्रिंगांचं आणि मार्चचं. ते नेमकं त्या दिवशी आलं, तो मुलीला मातीत ठेवून परत येत असताना पोस्टमनने वाटेतच हातात दिलं, हे त्याने मला नंतर अंगणात सांगितलं. रागावून नाही सांगितलं. रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

तुला मी म्हटलं, आत्ताच, येता येता बरी झाली. तू मान हलवलीस. ते खोटं होतं.

दसऱ्याला मी मोटारीची पूजा केली. घरात कमलाकांत नव्हता, तेव्हा कोणापेक्षा कमी पडायचं नाही, या हट्टाने केली. ठिणगी जिथे पडते तो यंत्राचा प्राण, असं मनाशी धरून मी ते झाकण उघडलं, आणि आत हळदकुंकू वाहिलं, वर तुपाचं बोट. ते तूप-कुंकू त्या छोट्या दांडीच्या बिजागरीत शिरून वाळलं. दांडी जड झाली, वेगात वेळेवर परतेना. दोन महिने मी प्लग घासले, जाळ्या धुतल्या, आणि रोग माझ्याच पूजेचा होता. कमलाकांताने चित्र पाठवलं त्या दिवशी झाकण उघडताच मला लाल दिसलं आणि कळलं. स्पिरिटने धुतलं, तेलाचा एक थेंब सोडला. संध्याकाळी एकटाच बडनेऱ्याच्या सडकेवर गेलो. पन्नासपर्यंत गाडी अशी गेली की मी एकटाच मोठ्याने हसलो.

मग परत येताना मनात आलं, गाडी बरी झाली, आता तो कार्ड कशाला पाठवील? आणि मी तरी कशाबद्दल लिहू? मला मोटारीखेरीज त्याला लिहिता येत नव्हतं. म्हणून घरी येऊन लिहिलं की अजून मिस मारते.

बोरगाव मंजूला इंजिन घड्याळासारखं चालत होतं. तुझी सासू ओटीचं सामान मांडीवर घेऊन माझ्यामागे बसली होती आणि तिला सगळं कळत होतं. मी गाडी वळवली ती पाण्यापायी. तुझ्या दारात आलो की तू तांब्या पुढे करशील. मग तो घ्यावा लागेल, नाही तर नको म्हणावं लागेल. नको म्हणायची माझी छाती राहिली नव्हती, आणि घेतला तर दीड वर्ष मी जे बोललो त्याचं काय? दहा मैल उरले होते. एवढ्यासाठी मी परत फिरलो.

ओटी भरली असती तर जे झालं ते टळलं असतं, असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले तेच खरं असेल. पण ती तेव्हाच तुझ्याजवळ राहिली असती. त्या दिवशी तू जोशीकाकूंचा हात धरला होतास म्हणे. तो हात तुझ्या सासूचा असता. आणि तुझी मुलगी होती तेवढा वेळ तिला आजीने मांडीवर घेतलं असतं. हे मी तुम्हा तिघींचं घेतलं, आणि ते परत द्यायला माझ्याकडे काही नाही.

वकिलाने सगळं कबूल केल्यावर माफीचा अर्ज करायचा असतो. मी तो करणार नाही. तुझ्यावर तो नाकारायचं ओझं नको. तू इतकी भली आहेस की नाकारणार नाहीस, आणि ते मला जास्त जड जाईल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुझ्या हक्काचं आहे, आणि ते मी तुझ्या घरात बसून चुकीचं दिलं. तू विचारलंस, कवापासून.

संक्रांतीच्या आधीपासून, पोरी. तेव्हापासून गाडी एकदाही चुकलेली नाही.

तुझा सासरा,
गोपाळकृष्ण